मौनाच्या सोमवारचा टॅब

मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा आहे. पाठीवर एका मुलीने हौसेने चिकटवलेल्या फुलपाखराचा अर्धाच पंख उरला आहे. चार्जरची वायर काढली की मी फार वेळ जागा राहू शकत नाही. तरीही मित्रांनो, मी सुखात आहे, आणि हे सुख मला कसं मिळालं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले हात आठवतात, झगझगीत उजेड आठवतो, आणि एका ओळीत निजलेली माझी भावंडं आठवतात. मग खोका, अंधार आणि लांबचा प्रवास. खोका उघडला तो रायपूरच्या समता कॉलनीत, डोळ्यांचे डॉक्टर श्यामकांत यांच्या घरी. त्यांची मुलगी देवयानी तेव्हा दुसरीत होती. शाळा बंद होत्या आणि तिचा वर्ग माझ्याच काचेवर भरायचा.

काय कौतुक होतं तेव्हा माझं! मला हात लावायच्या आधी हात धुऊन पुसायचे, असा घरात नियम होता. देवयानी माझ्यावर बोटाने चित्रं काढायची, पाढे म्हणायची, अमरावतीच्या मावशीशी बोलायची. पुढे शाळा उघडल्या. हात पुसायचा नियम कधी सुटला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग घरात माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ असा नवा टॅब आला आणि मी कपाटाच्या खणात गेलो.

त्या खणात माझ्यासारखे आणखी होते. एक बटणांचा फोन, एक कॅमेरा, आणि कोणाच्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसलेल्या वायरींचा गुंता. आमच्यात मोडलेलं असं काहीच नव्हतं. आमच्यापेक्षा नवीन काहीतरी आलं होतं, एवढंच. मित्रांनो, वस्तू म्हातारी व्हायला हल्ली झिजावं लागत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत डॉक्टरांच्या पत्नीने मला बाहेर काढलं आणि दवाखान्यात कोणाला उपयोगी पडला तर पाहा, म्हणून डॉक्टरांच्या पिशवीत टाकलं. अशा रीतीने मी दवाखान्यातल्या समोरच्या टेबलावर आलो, वनमालाताईंच्या समोर.

वनमालाताई त्या टेबलावर बसायच्या. आल्या माणसाचं नाव लिहून घेणं, कोणी कुठल्या खोलीत जायचं ते सांगणं, कोणाच्या डोळ्यात थेंब टाकायचे आहेत ते पाहणं, ही त्यांची कामं. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या. आवाज इतका हळू की ऐकणारा आपोआप पुढे वाकायचा. पण डोळ्याच्या ऑपरेशनला घाबरलेली माणसं दारातून आत आली की आधी त्यांच्याच तोंडाकडे पाहायची. त्या मान हलवून हसल्या की माणूस बाकावर निवांत बसायचा. म्हणून ते टेबल त्यांना फार प्रिय होतं.

डॉक्टरांची एक चांगली पद्धत होती. शनिवारी शेवटचा पेशंट गेला की ते सगळ्यांना घेऊन चहाला बसायचे आणि कोणाला कामात काय अडतं ते विचारायचे. काही सुचलं तर करून पाहा, बिघडलं तर बिघडू द्या, फक्त मला सांगा, असं त्यांचं म्हणणं. चष्म्याचे नंबर तपासणारा लोकेश, इथलाच छत्तीसगढी पोरगा, त्याने एकदा जागा वाचवायला सगळ्या फ्रेमा सायकलच्या रिंगेवर टांगल्या. रिंग फिरवताच सगळ्या फ्रेमा खाली. लोकेश पांढराफटक पडला. डॉक्टर मात्र स्वतः खाली बसून फ्रेमा गोळा करू लागले आणि पुढच्या वेळी रिंग जड घे म्हणाले. मला वाटतं, त्या दवाखान्यात धीर त्या दिवशी आला.

आता मुख्य गोष्ट. वनमालाताईंचे नेम पुष्कळ होते. रोज पहाटे दारात रांगोळी, गोपद्म, तुळशीला पाणी. त्या वर्षी चातुर्मास लागताना त्यांनी आणखी एक नेम घेतला. कार्तिकी एकादशीपर्यंत दर सोमवारी सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. कशासाठी, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. अडचण काहीच नव्हती, कारण सोमवारी दवाखाना संध्याकाळीच उघडायचा.

आणि नेमकं श्रावणात डॉक्टरांनी सोमवारी सकाळीही दवाखाना उघडायचं ठरवलं. बीरगाव आणि भनपुरीकडून कामगारांच्या घरचे म्हातारे-म्हाताऱ्या येत, त्यांना संध्याकाळी परतणं अवघड जाई. निर्णय चांगलाच होता. पण टेबलावरची बाई बोलणार नसेल तर चालणार कसं?

डॉक्टरांनी वनमालाताईंना खोलीत बोलावलं. मी तेव्हा चार्जिंगला तिथेच होतो.

"ताई, तुमचा नेम मोडा असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "सोमवारी तुम्ही फायलींच्या खोलीत बसा. टेबलावर दुसऱ्या कोणाला बसवू."

फायलींच्या खोलीत बसायला ताईंची ना नव्हती. पण सोमवारचीच माणसं जास्त घाबरलेली असणार, पहिल्यांदाच आलेली असणार, हे त्यांना दिसत होतं. नेम सुटू नये आणि टेबलही सुटू नये, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी थोडा वेळ मागितला. डॉक्टरांनी करून पाहायला श्रावणातला एक सोमवार दिला.

रविवारी ताई मला घरी घेऊन गेल्या. देवघरासमोर बसून त्यांनी माझ्यात आपला आवाज भरला. "या, बसा." "थेंब टाकायचे आहेत, डोळे मिटून बसा." "घाबरू नका, दुखत नाही." एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि शेजारणीला विचारून एकदा छत्तीसगढीत. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावर नुसतं बोट टेकवायच्या आणि मी बोलायचो. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचाच अभिमान वाटला. डॉक्टर खूश झाले, टेबल ताईंचंच राहिलं, आणि दुपारी जेवणाच्या वेळी लोकेशने टोमणा मारलाच.

"दीदी, तुमचं मौन अन् हा टॅब पूरा दिन बोलून राहिला. मग पुण्य तुमाले भेटन का याले?"

सगळे हसले. ताईही हसल्या. पण मंगळवारी त्या लोकेशला एकटं गाठून हळूच म्हणाल्या, "तू बोलला ते खरं हाय. आवाज तर माहाच हाय ना. डबीत भरला म्हणून का तो दुसऱ्याचा झाला?"

लोकेश ओशाळला, मी मजाक केली म्हणाला. ताईंना राग नव्हता. पण त्यानंतर दर सोमवारी माझ्यावर बोट ठेवताना त्यांचा हात क्षणभर थांबायचा. काम चालत होतं, मन राजी नव्हतं. मला ते बोटातून कळायचं.

पुढे दसरा आला. दवाखान्यात दरवर्षी यंत्रांची पूजा होते. डोळे तपासायचं यंत्र, लोकेशची भिंगांची पेटी, अगदी झेरॉक्सचं मशीनसुद्धा पुसून झेंडूची फुलं वाहतात. पूजेचा मान ताईंचा. त्यांनी फुलाने पाणी शिंपडलं, एकेका यंत्राला हळदकुंकू लावलं आणि माझ्यापाशी आल्या. माझ्या खालच्या कडेला बारीक छिद्रं आहेत, माझा आवाज तिथूनच येतो. ताईंना वाटलं, इतके सोमवार याने माझ्यासाठी तोंड वाजवलं, तर याच्या तोंडालाच गंध लावावं. त्यांनी तिथे ओलं गंध लावलं, अक्षता दाबून बसवल्या आणि वरून तीर्थाचे चार थेंब सोडले. मला कोणी इतक्या प्रेमाने कधी हात लावला नव्हता. आणि त्या प्रेमाने माझा आवाज कायमचा गेला.

पुढच्या सोमवारी सकाळी बाकं भरलेली होती. ताईंनी बोट टेकवलं. माझ्यातून नुसती घरघर आली, मग तीही थांबली. त्यांनी पुन्हा टेकवलं. कापडाने पुसलं. काही नाही. दारात माणसं येतच होती. लोकेश धावत आला, पण त्याच्या खोलीत तीन जण भिंगं लावून बसलेले, त्याला थांबता येईना.

"दीदी, आजच्या दिवस बोलून टाका," तो म्हणाला. "देवाले समजते."

ताईंनी मान खाली घातली. ओठ हलले, आणि पुन्हा मिटले. मित्रांनो, मी मुका आणि त्याही मुक्या, असे आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. आता बोललं तर नेम गेला. नाही बोललं तर टेबल गेलं.

मग त्यांनी माझ्यातलं देवयानीचं चित्रांचं पान उघडलं. बोटाने एक डोळा काढला आणि मला वळवून पहिल्या पेशंटसमोर धरलं. पहिले होते बाबाराव, भनपुरीहून आलेले, रेल्वेतून निवृत्त झालेले, कानाने कमी. त्यांनी डोळा पाहिला आणि आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. ताईंनी दुसरा डोळा काढला, त्यात थेंब काढला. बाबारावांनी आपला दुसरा डोळा दाखवला.

"बाई," ते मोठ्याने म्हणाले, "डोळा दुखून राहिला म्हणूनच त आलो. अन् तुम्ही मले डोळाच दाखवून राहिल्या."

अख्खा बाक हसला. ताईही आवाज न करता हसल्या, पदर तोंडाला लावून. हसता हसता त्यांचं बोट थांबलं. डोळ्यांच्या दवाखान्यात डोळा काढून कोणाला काय कळणार? त्यांनी सगळं पुसून टाकलं आणि पहाटे दारात ज्या काढतात त्याच खुणा माझ्या काचेवर काढल्या. डॉक्टरांच्या मोठ्या दिव्याच्या खोलीसाठी सूर्य. थेंब टाकून जिथे बसायचं त्या अंधाऱ्या खोलीसाठी चंद्र. लोकेशच्या खोलीसाठी शंख. आणि "पुढे या" म्हणायला गोपद्म, गाईची पावलं. मग खडू घेऊन त्या उठल्या आणि प्रत्येक दारावर तीच खूण काढून आल्या.

चंद्र पाहून बाबाराव उठले, दारावरचा चंद्र शोधला आणि आत जाऊन बसले. त्यांच्या मागची बीरगावची म्हातारी दारावरच्या सूर्याकडे पाहून आपल्या सुनेला "हव, चौक पूरे हे," म्हणाली. तिच्याही घरी दारात चौक, म्हणजे पिठाची रांगोळी, काढतात. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

अर्ध्या तासाने बाबाराव बाहेर आले ते थेट डॉक्टरांच्या दारात.

"डॉक्टर, मी चंद्रावर बसून आलो. आता सूर्याकडे घ्या मले. अन् ऐका, मांगच्या सोमवारी तुमचा टॅब काय बोलून राहिला होता, मले एक शब्द नाही ऐकू आला. आज सगळं समजलं."

डॉक्टर बाहेर आले. दारं पाहिली, माझी काच पाहिली, मग ताईंकडे पाहिलं. ताई उभ्या राहिल्या. खुर्ची कोणाची ते आता कळणार होतं.

"ताई, उद्या तुमचं मौन नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हे उद्याही असू द्या. रोजच असू द्या."

ताईंनी हात जोडले. त्या सोमवारपासून माझ्यावर बोट ठेवताना त्यांचा हात थांबला नाही. माझ्यात आता त्यांचा आवाज नव्हता, आणि मौन पुरतं मौन होतं.

कार्तिकात त्यांनी नेमाचं उद्यापन केलं. मौनाच्या नेमाला घंटा दान देतात, तशी त्यांनी जवळच्या देवळात एक पितळी घंटा दिली. पुढच्या सोमवारी त्या बोलू लागल्या, पण चित्रं राहिलीच. त्या शनिवारी चहाच्या वेळी डॉक्टर भिंतीवर लावायला मोठा नवा टच-स्क्रीन घेऊन आले, म्हणजे बाकावरून सगळ्यांना चित्रं दिसतील. ताईंनी त्यावर सूर्य, चंद्र, शंख, पावलं पुन्हा काढली, माझ्यावरच्यापेक्षा सुबक. मी मनाची तयारी केली. मला खण माहीत होता.

पण ताईंनी मला उचललं आणि लोकेशला विचारलं, "तुहं काय अडते रे?"

लोकेश म्हणाला, लहान पोट्टे तपासताना एका जागी पाहतच नाहीत.

"मग याले घेऊन जा. करून पाय."

आता मी लोकेशच्या खोलीत असतो. माझ्या काचेवर एक केशरी मासा हळूहळू पोहतो. पहिल्याच दिवशी एक मुलगी मासा धरायला खुर्चीतून उडी मारून माझ्यावरच आली. लोकेशने मला थोडं उंच ठेवलं. मग मुलं मान वर करून पाहू लागली, तेही चालेना. आता तो मला मधल्या फळीवर ठेवून पाहणार आहे. जमेल न जमेल, पण रोज कोणीतरी माझ्याकडे पाहून काहीतरी नवं शोधतं आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, नवीन वस्तू जरूर आणा, त्यात पाप नाही. पण जुनीला खणात टाकायच्या आधी घरात, दवाखान्यात, दुकानात एकदा फिरून विचारा की कोणाचं काही अडलं आहे का. आणि तुमच्या शेजारी बसलेलं माणूस त्या जुन्या वस्तूने काही वेडंवाकडं करून पाहत असेल, तर हसा खुशाल, पण त्याच्या हातातून ती काढून घेऊ नका.