काळ्या हिरड्या

कुस्कोक्विम नदीच्या काठावर नस्तास्याच्या नजरेवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. जाळं अर्धं वर आलं की ती बोटीत बसल्या बसल्या सांगायची, "चम आहे, ठेव," नाहीतर "किंग, सोड." दोन्ही सामन माशांच्याच जाती, पण नदीत किंग उरलेत किती? त्यांना जिवंत सोडायचं, हे तिनेच सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं, आणि चुकणाऱ्याची ती काही खैर ठेवत नसे.

त्या दिवशी नवऱ्याची, वसिलीची, पाठ धरली होती, म्हणून जाळ्यावर लेक एवॉन होता. ती म्हणाली चम, त्याने माशाच्या डोक्यात सोटा हाणला.

काठावर मुंडकं कापायला तिने माशाचं तोंड फाकवलं. हिरड्या काळ्याभोर. एवढं ढळढळीत काळं तर तिलाही दिसलं. चमच्या हिरड्या कधी अशा असतात होय? किंगच तो, आणि अंड्यांनी भरलेली मादी.

"एवॉन, शेपटीवर ठिपके आहेत का रे?"

"आहेत. वरच्या पात्यावर, खालच्याही."

किंगची हीच खूण, चमच्या शेपटीवर ठिपके नसतात. तिने शेपूट नाकाजवळ आणली. तिला ती नुसती चंदेरी दिसली.

"मारायच्या आधी दिसले होते तुला?"

"दिसले होते की."

"मग मेल्या, हात का उचललास?"

"तू चम म्हणालीस ना, आई. तुझ्यापुढे मी काय बोलणार?"

नस्तास्याने सुरी खाली ठेवली. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे त्याला तिनेच शिकवलेलं. पण म्हणून डोळ्यांना दिसतंय ते गिळून टाकायचं? काय म्हणावं या पोराला, कप्पाळ!

एवढ्यात कमरेवर हात ठेवून वसिली आला. मासा बघून त्याला जराही नवल वाटलं नाही, आणि तेच तिला खटकलं.

"मला नीट दिसत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"गेल्या उन्हाळ्यापासून," तो मान खाली घालून म्हणाला. "तू ठेव म्हणायचीस. मी तुझ्याकडे पाठ करून माशांची तोंडं उघडून हिरड्या बघायचो. किंग निघाला की हळूच सोडून द्यायचो. तुला वाटायचं, निसटला."

"आणि वर मी तुला धांदरट म्हणायचे."

"म्हणायचीस," वसिली म्हणाला. "सगळ्या काठासमोर."