मेंढ्या रवंथाला बसेपर्यंत

माझ्या नवऱ्याला मंगळवारी सुट्टी असते. असते म्हणजे कागदावर. कळंबजवळच्या एका हॅचरीत अंडी उबवायच्या मशीनवर ते ऑपरेटर आहेत. मागं एकदा मशीनचं दार नीट लागलं नाही आणि पिल्लं अंड्यातच मेली. चूक कुणाची ते कळलं नाही, पण साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं ते यांचंच, बहिरूचं. तेव्हापासून माणूस बोरीला घरी येतो, मन काही येत नाही.

जेवताना हातातला घास तसाच धरून थांबतात. काय झालं विचारलं की म्हणतात, "मशीनचा आवाज आला." बोरीत बसून कळंबचं ऐकू येतं, पण मी मीठ मागितलेलं ऐकू येत नाही, अशी मी चेष्टा करायचे. मग अंगावरचे कपडे ढगळ झाले, झोपेत दात करकरायला लागले. मग माझी चेष्टाही बंद झाली.

त्या मंगळवारी मेंढ्या त्यांच्याकडे होत्या. सासूबाईंच्या, तुकाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. आमच्याकडे एक रीत आहे. संध्याकाळी मेंढ्या जाळीच्या वाडग्यात घालायच्या, कोकरं पाजायची, आणि मेंढ्या रवंथाला बसल्या की दाराला साखळी घालायची. तोवर दारातून उठायचं नाही. पलीकडे ऊस आहे, आणि उसात बिबट्या असतोच.

ते दारात बसले होते. तिथूनच त्यांनी हॅचरीत ड्युटीवर असलेल्या ऋषीला फोन लावला.

"तीन नंबरचं दार बघ रे."

"बघितलं, भाऊ. लागलंय. तुमी आराम करा राव."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ऋषीनं फोन उचलला नाही. मी घरात सासूबाईंच्या उशाशी होते. गाडीला किक मारल्याचा आवाज आला आणि मला संताप आला. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाले, म्हटलं. साखळी घालून गेले असतील, असंच मला वाटलं.

कुत्रं भुंकलं तेव्हा उशीर झाला होता. मी बॅटरी घेऊन पळाले. वाडग्याचं दार उघडं होतं. दोन मेंढ्या आडव्या पडलेल्या, बाकीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या. सासूबाई भिंत धरत धरत मागून आल्या, खाली बसल्या आणि हातानं चाचपू लागल्या. एकीच्या कानापाशी हात थांबला. तिची आई मेल्यावर सासूबाईंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी होती ती.

"काळीच हाय ना गं, हिरा?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्यांना कळलं.

गाडी आली. हे उतरले ते हसत. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता.

"हिरा, दार लागलेलं व्हतं गं. मीच उगा भ्यालो."

सासूबाईंनी डोळ्यांवर पट्टी असलेला चेहरा आवाजाकडे वळवला. हात काळीच्या मानेवरच होता.

"कुठलं दार, बहिरू?"

त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. ते मातीतच बसले. मी पाणी आणायला जाणार तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. हॅचरीतून होता. त्यांनी तो कानाला लावला. आईकडे बघत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी विचारलं, "टेंपरेचर किती हाय?"