हिरवं दार

“सावकाश चला हो. गाव कुठं पळून जात नाही, परतीची लाँच मात्र जाते,” रंगारीकाका म्हणाले, तसे पाहुणे हसले.

काकांनी जन्मभर बोटी रंगवल्या. बंदर ओस पडलं आणि ते बेटावर येणाऱ्यांना जुनं गाव हिंडून दाखवायला लागले. सांगताना पदरचं थोडं घालायचे, पण ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचे नाहीत. गंजलेली क्रेन झाली, कबुतरांनी ताबा घेतलेली कस्टमची कचेरी झाली, मग सगळे खलाशांच्या गल्लीत शिरले.

“बोट रंगवून उरलेला रंग इथं घराच्या दाराला लागायचा. घरातला माणूस कुठल्या बोटीवर आहे, ते दारावरून कळायचं. आता पुढं एक हिरवं दार आहे. त्या रंगाच्या बोटीवर माझा थोरला भाऊ होता. बोट परत आलीच नाही. वहिनींनी त्या दाराला पुन्हा ब्रश लागू दिला नाही.”

इथं कुणाचे तरी डोळे हमखास भरून यायचे. काकांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

कोपरा वळून काकांनी दाराकडे हात केला. दार पांढरं होतं, ओलं होतं. वहिनी पायरीवर बसून ब्रश धूत होत्या.

पाहुण्यांना मागेच थांबवून काका पुढे झाले. “वहिनी, हे काय केलंत? दादाची तेवढीच खूण होती.”

“भाऊजी, मी आत भाजी निवडत असते,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही रोज माणसं आणता आणि माझ्या दारात ह्यांना बुडवता. किती वेळा ऐकू?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाचं नाव घ्यायला त्यांना हे एकच निमित्त उरलं होतं. ते आत कुणाच्या कानावर पडतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“लोकांना पोचवून या. चहा टाकते.”

वहिनींनी कडी धरून दार बाहेर ओढलं आणि उघडंच ठेवून त्या आत गेल्या. दाराची आतली बाजू हिरवीच होती. रंगाचे पोपडे निघाले होते आणि कडीजवळ हात लागून लागून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

“काका, ते हिरवं दार कुठाय?” कॅमेरावाल्या बाईंनी मागून विचारलं.

काकांनी दार हलकेच लोटून लावलं. बोटांना पांढरा रंग लागला.

“ते आता नाही,” ते म्हणाले. “हे राहतं घर आहे. चला पुढं.”