मेल्यावर म्हैस कुणाची?

चिमाबाईची म्हैस मंगळवारी पहाटे मेली, आणि बुधवारची दुपार झाली तरी गोठ्यातच पडून होती.

वैशाखाचं ऊन. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत तांबडकोंड नावाची वीस-पंचवीस घरांची वाडी, तिच्यातलं हे टोकाचं घर. गोठा घराला लागून, मधे फक्त कुडाची भिंत. त्या भिंतीतून वास घरभर पसरला होता. सासू अंबूबाईने दोन दिवस घास तोंडात घातला नव्हता. आणि म्हशीचं पारडू दावं ताणताणून आईकडे जायला बघत होतं आणि रेकत होतं.

नवरा नाथू मुंबईला गिरणीत. घरात पुरुषमाणूस नाही. पण खरी अडचण ती नव्हती.

ढोर मेलं की महारवाड्यात निरोप जायचा आणि कुशाबा चार भाऊबंद घेऊन ते ओढून न्यायचा. असं किती पिढ्या चाललं होतं कोण जाणे! यंदा मात्र फाल्गुनात महाडला परिषद भरली. आंबेडकर साहेबांच्या मागोमाग हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही, शिळे तुकडे मागायचे नाहीत, असा निश्चय करून माणसं घरोघर परतली. त्यांत कुशाबाही होता.

तांबडकोंडाच्या गावकीने याचं उत्तर ताबडतोब दिलं. महारवाड्याला दाणा बंद, सरपण बंद, गायरान बंद. चिमाबाईची म्हैस मेली तेव्हा रावजी पाटलांना उलट बरंच वाटलं.

"चिमे, म्हस हलवायची नाय," ते म्हणाले. "पोटाला चिमटा बसला की दोर घेऊन येतील आपोआप."

"दादा, घरात बसवत नाय हो वासानं!"

"सोस गो दोन दिस. गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय."

गावाची इज्जत तिच्या गोठ्यात कुजत होती! पण चिमाबाईचा राग पाटलांवर नव्हता. तो होता कुशाबावर. बुधवारी दुपारी ती पदर खोचून निघाली आणि महारवाड्याच्या बाहेर, नेहमीच्या अंतरावर उभी राहून ओरडली, "कुशा! अरे ए कुशा!"

तिचं वय तिशीचं. कुशाबा साठीचा. पण त्याला 'अरे' म्हणताना तिला काही वाटलं नाही, कारण वाटावं असं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

कुशाबा बाहेर आला. पांढऱ्या मिशा, अंगात जुना खाकी कोट. जर्मनच्या मोठ्या लढाईत तो इराकात बसऱ्याला जखमींच्या डोल्या उचलायला होता.

"रामराम, बाय," तो म्हणाला.

एरवी तो कमरेत वाकून जोहार घालायचा. चिमाबाई अधिकच भडकली.

"माजी म्हस दोन दिस पडलीय. तुज्या बापानं ढोरं ओढली, आज्यानं ओढली. तुलाच काय झालं रे?"

"बाय, म्हस कुणाची?"

"माजी."

"दूध कुणी प्यालं?"

"आमी."

"ती जिती असताना मी तिच्या अंगाला हात लावला असता, तर तू काय केलं असतंस?"

चिमाबाईने पदर पुन्हा खोचला.

"शिव्या घातल्या असत्यास," कुशाबा शांतपणे म्हणाला. "जिती हाय तवर तुमची, आन मेली की आमची. हा कुठला न्याय?"

"पण कुणीतरी करायलाच हवं ना हे काम?"

"हवं की! काम वाईट नाय. ज्याचं ढोर त्यानं करावं, नायतर गावानं मिळून करावं. वाईट हाय ते निराळंच. एका माणसाला जन्मल्यापासून त्या कामाला बांधायचं, आन मंग त्याच कामापायी त्याला लांब उभं करायचं. याला गुलामी म्हनतात, बाय. बसऱ्याला एका गोऱ्या सायबाला पाठीवर घेऊन मी गोळ्यांतून बाहेर काढला. त्यानं माज्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यालं. आन हितं माजी सावली पडली तर तुमची विहीर नासते!"

चिमाबाई हताश होऊन म्हणाली, "मंग मी एकटी बाईमाणूस करू काय?"

कुशाबाने ओढ्याकडे बोट केलं. "मी वडणार नाय. पण कसं वडायचं ते सांगतो. आमी माणसांनी वडायचो, तुला बैल हायत. जाड फांद्या कापून म्हशीच्या खाली सार. मागच्या पायांना दोर बांध. आधी खड्डा खण, वढ्याच्या अलीकडं, तिथं माती मऊ हाय. छातीइतका खोल. वर राख नि दगड टाक, नायतर कोल्ही उकरतील."

दारातून त्याची बायको रंगूबाई फणकारली, "दाणा बंद केला, सरपण बंद केलं. आता यांना शिकवायचं पण आपणच?"

"शिकवू दे," कुशाबा म्हणाला. "शिकली तर पुन्यांदा बोलवायला यायची नाय."

चिमाबाई परतली ती थेट जावेकडे, बनुबाईकडे गेली. दोघींनी कुदळ-फावडं घेतलं. खड्डा खणता खणता हाताला फोड आले. मग बैल जुंपले. म्हशीचे पाय बांधताना चिमाबाईला दोनदा ओकारी झाली. फुगलेलं अंग, माश्या, तो वास! दोर ताणला गेला आणि म्हैस हलली, तेव्हा तिच्या मनात आलं, हे काम कुशाबाने किती वेळा केलं असेल? आणि ते करून तो दारात आला की त्याच्या हातात आपण वरून, लांबूनच भाकरीचा तुकडा टाकत आलो.

दिवस मावळायच्या आत म्हैस पुरली गेली. दोघी घरातल्या उरल्यासुरल्या पाण्याने अंग घासून घासून धुऊन, कळश्या घेऊन विहिरीवर आल्या.

"शिवू नका!" पाटलांची बायको प्रयागबाई किंचाळली. "मेलेलं ढोर वडलंत तुमी. विहीर बाटवाल!"

बायकांनी आपापल्या कळश्या उचलून छातीशी धरल्या. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर दळण दळलं, भातलावणीची गाणी म्हटली, त्याच या बायका! मागून रावजी पाटील आले आणि त्यांनी निकालच दिला. गावकीचा हुकूम मोडून म्हैस हलवली. शुक्रवारी सोमजाईच्या देवळात गोमूत्र घेऊन माफी मागायची. तोवर दोन्ही घरांना विहीर बंद.

रात्री घरातलं पाणी संपलं. गुरुवारी सकाळी चिमाबाई कळशी घेऊन निघाली, ती महारवाड्याखाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यावर. वाळूतून पाणी थेंबाथेंबाने वर येत होतं. रंगूबाई वाटीने ते कळशीत भरत होती. एक कळशी भरायला अर्धी सकाळ जात असे.

रंगूबाईने वर पाहिलं. "का आलीस?"

"विहीर बंद केली मला."

"मंग? आता कळलं कसं वाटतं ते?" रंगूबाईचे डोळे पेटले होते. "तू दोन दिस भोगशील. गोमूत्र पिशील नि मोकळी होशील. आमी कधी मोकळं व्हायचं?"

चिमाबाईने रिकामी कळशी वाळूत टेकवली. ती म्हणाली, "सासू तानेली हाय गो. दोन दिस जेवली नाय."

रंगूबाईने वाटी भरली. ती पुढे करून मधेच थांबली. "माज्या हातचं चालंल?"

चिमाबाईने दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकली. काय वेगळं होतं त्या पाण्यात? काहीच नाही! वाळूची चव होती, गारवा होता. तिला एकाएकी रडू आलं. रंगूबाईने आपली अर्धी कळशी तिच्या कळशीत ओतली.

शुक्रवारी देवळासमोर गाव जमलं. गोमूत्राची वाटी पुढे ठेवलेली. बायका मागे दाटीने बसलेल्या. चिमाबाई उठली.

"दादा, मी बाटली ती कशानं?"

"मेलेलं ढोर वडलंस म्हणून," रावजी पाटील म्हणाले.

"आन हे प्यायली की चोख?"

"चोख."

"मंग ढोर वडल्यानं माणूस बाटतं, तर कुशाबांनी ढोर वडायचं सोडलं. ते चोख झाले का?"

पाटलांनी वाटी तिच्याकडे सरकवली.

"आन त्यांचा बाट जन्माचा हाय म्हणाल, तर ढोराचा काय संबंध? मंग मी कशी बाटली? दोन्हीतलं एक काय ते सांगा!"

"चिमे, जिभेला आवर घाल! रीत ती रीत!"

तेवढ्यात वाडीतला शेतकरी मुरारी उभा राहिला. त्याचा एक बैल महिनाभर आजारी होता. तो अडखळत म्हणाला, "दादा, रागावू नका. पण ती इचारते त्याचं उत्तर द्या ना. उद्या माजा बैल गेला, तर मी पण बाटणार काय?"

आणि मग सत्तरीची अंबूबाई काठी टेकत उठली. "मी रंगूच्या झिऱ्याचं पाणी प्यालेय. दोन येळा. मलाबी वाळीत टाका. पण दादा, तुमच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात, ते ध्यानात ठेवा!"

कुणीतरी हसलं. हसू आवरेना तसं सगळे हसले. पाटील संतापून उठून गेले. गोमूत्राची वाटी तशीच राहिली. ज्याचं ढोर त्याने पुरावं, असं उरलेल्यांनी ठरवलं, दोन्ही घरांना विहीर खुली केली, आणि दाण्यावरची बंदी त्याच संध्याकाळी मुरारीने मोडली.

शनिवारी चिमाबाई बनुबाईला घेऊन महारवाड्यात गेली. या वेळी आतपर्यंत गेली. "रंगूबाई, कळशी द्या. विहिरीवरनं भरून आणते."

"नको," रंगूबाई म्हणाली. "तू घातलेलं पाणी म्हंजे भीकच की गो. भरीन तर माजी मी भरीन."

कुशाबाने बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली. "तळ्यावर आमी तान भागवाय गेलो नव्हतो, चिमाबाई. माणूस म्हणून गेलो होतो."

चिमाबाई समजली. "चला मंग."

तिघी निघाल्या. मधे रंगूबाई, दोहों अंगांना चिमाबाई आणि बनुबाई. कुशाबा चार पावलं मागे. विहिरीवर बायका होत्या, प्रयागबाईही होती. बातमी आधीच पोचली असावी, कारण वरून रावजी पाटील काठी घेऊन उतरत होते.

"रंगे, मागं हो! एक पाऊल टाकलंस तर टकुरं फोडीन!"

रंगूबाईने कळशी खाली ठेवून पोहरा हातात घेतला. "पाटील, मी पाण्याला आलेय. भांडायला नाय."

तिने विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवला. पाटलांची काठी वर गेली. कुशाबा मधे यायला झेपावला. चिमाबाईने डोळे मिटून घेतले.

"रंगू!"

हाक प्रयागबाईची होती. काल देवळात मागे बसून तिने सगळं ऐकलं होतं, आणि रात्री नवऱ्याला तोच प्रश्न विचारून शिव्या खाल्ल्या होत्या. तिने आपली कळशी उचलून बाजूला केली आणि खालमानेने म्हणाली, "तिथं शेवाळ हाय, पाय घसरंल. हिकडून वड."

पाटील बायकोकडे बघतच राहिले. वर गेलेली काठी हळूहळू खाली आली. ते वळले आणि चढाला लागले. रंगूबाईचा पोहरा पाण्यावर आपटला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

वाचकहो, त्या दिवसापासून तांबडकोंड सुधारलं, असं म्हणणं खोटं ठरेल. चार घरांनी ती विहीर सोडली. पाटील पुढे कित्येक महिने चिमाबाईशी बोलले नाहीत. रंगूबाईलाही रोज पाण्याला जाताना छातीत धडधडायचंच. पण ती गेली, रोज गेली.

समता कुणी ओंजळीत घालत नाही. ज्याची त्याने ती हक्काने घ्यायची असते. आणि आपण, जे पिढ्यान् पिढ्या विहिरीच्या कठड्यावर बसलो आहोत, आपलं काम उपकार करण्याचं नाही. आपण फक्त आपली कळशी उचलून बाजूला सरकायचं आहे!