व्हिडिओ गेमची खंडेनवमी

नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. पण त्या वर्षी दैनिक 'भोर-संदेश'नं ते नाव इतक्या मोठ्या टाइपात आणि इतक्या वेळा छापलं, की आता मी एकटीनं संकोच करून काय उपयोग? तर नरहर. बनारसच्या पंचगंगा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. खोली एका धार्मिक ट्रस्टची, पाटी नरहरांनी स्वतः रंगवलेली, आणि आमचं घर त्या दुकानावर चालायचं.

पंचाण्णव साल असेल. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम तेव्हा बनारसमध्ये नुकते आले होते. वरच्या खाचेत कॅसेट खोचायची, बटणं दाबत बसायचं, की पडद्यावरचा बुटका माणूस उड्या मारत पळायचा. नरहर ते दिल्लीहून आणून विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करायचे. घाटाच्या आसपासच्या बहुतेक मराठी घरांत त्यांनीच दिलेला गेम होता. पोरं खूश होती, आईबाप वैतागलेले होते, म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं.

मग आलं नवरात्र. माझे सासरे ढुंढिराजशास्त्री दरवर्षी मठात प्रवचन करायचे. त्यांचा शब्द म्हणजे आपल्या मंडळींत शेवटचा. इथल्या लोकांची अवजारांची पूजा विश्वकर्मापूजेला होऊन गेलेली असते, आपली होते खंडेनवमीला. त्या वर्षी आमच्या शेजारच्या पद्मानं प्रवचनानंतर विचारलं, "बाबा, मुलांचं हत्यार कोणतं धरायचं? पुस्तकं तर सरस्वतीपुढे मांडून ठेवलीत." बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि सांगितलं, "ज्यात ज्याचा हात रमतो ते त्याचं हत्यार." व्हिडिओ गेम म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेल्या गोष्टीवर मत द्यायचं नाही, असं ठरवलं तर बनारसमधली निम्मी प्रवचनं बंद पडतील.

झालं. नवमीला घरोघरी व्हिडिओ गेम पाटावर बसले. आमचे लोक पूजा कधी अर्धवट करत नाहीत. आधी पळीनं गंगाजल, मग हळदकुंकू, मग अक्षता, वर झेंडूचं फूल. आणि यंत्राला कॅसेटची खाच, म्हणजे उघडं तोंडच. तोंड आहे म्हटल्यावर नैवेद्य नको का? प्रत्येक घरच्या बाईनं त्यात भक्तिभावानं चिमूटभर साखर सोडली.

दसऱ्याला श्रीखंड-पुरी खाऊन पोरं खेळायला बसली, तर पडदा करडा. एकाही घरातला गेम चालेना.

त्या संध्याकाळी दुकानापुढे आयांची रांग लागली. नरहरांनी पहिलं यंत्र उघडलं. आत कुंकवाचा चिखल, पिनांच्या मध्ये अडकलेले तांदूळ आणि साखरेवर तुटून पडलेल्या मुंग्या. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. सगळं त्यांनी चिमट्यानं वेचून एका बशीत काढलं आणि ती बशी घरी आणून स्वयंपाकघरात मला दाखवली. मी हसून हसून खाली बसले.

"मग सांगा ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"बाबांनी सांगितलेली पूजा आहे," नरहर म्हणाले. "चारचौघांत त्यांचं हसं होईल. मी साफ करून देतो. संपलं."

खरोखरच संपलं असतं. स्पिरिट, ब्रश आणि थोडं खोडरबर, एवढ्यावर भागणारं काम होतं. पण नेमका माझा मामेभाऊ नीलकंठ दुकानात टपकला. तो 'भोर-संदेश'चा वार्ताहर. तोवर त्याला तुंबलेली गटारं आणि मोकाट सांड यापलीकडे काही लिहायला मिळालेलं नव्हतं. उघड्या पडलेल्या यंत्रांची ती रांग पाहून त्याचा चेहरा असा उजळला, की त्याच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

सकाळी मथळा: 'पंचगंगा क्षेत्र में वीडियो गेमों की सामूहिक मौत'.

दुसऱ्या दिवशी: 'खेलते-खेलते बालिका अचेत'. ही बालिका म्हणजे पद्माची हिमानी. श्रीखंड जरा जास्त झालं म्हणून पोर टीव्हीपुढेच झोपली होती. पद्मानं नीलकंठला बजावून सांगितलं, "अरे, झोपली होती ती! घोरत होती!" त्यानं मान डोलावून लिहून घेतलं आणि छापलं, 'सहमी हुई माँ कुछ भी कहने की स्थिति में नहीं'.

मग दुसऱ्या पेपरांना मागे राहून कसं चालेल? एकानं लिहिलं, पडद्यातून निघणाऱ्या किरणांनी मुलांची बुद्धी वितळते. त्याला एका निवृत्त इंजिनिअरचा दाखला, ज्यांनी जन्मभर फक्त पूल बांधले होते. केबलवाल्यानं कॅमेरा आणला आणि हिमानीला पुन्हा एकदा बेशुद्ध व्हायला सांगितलं. नवा फ्रॉक घालू दिला तरच होईन, असं तिनं सांगितलं. मग फ्रॉक घालून ती छान बेशुद्ध झाली आणि रात्री सगळ्या मोहल्ल्यानं हळहळत ते पाहिलं. यंत्र उघडून आत काय आहे ते बघावं, असं मात्र एकाही पत्रकाराला वाटलं नाही. उघडलेली यंत्रं त्यांच्या नाकासमोर पडली होती.

आणि मग नीलकंठ बाबांकडे आला. हातात पेन, पाठीमागे फोटोग्राफर. बाबांनी धुतलेलं उपरणं घेतलं आणि बैठकीत ताठ बसून मत दिलं. ते असं छापून आलं: 'नकली यंत्र मंत्र का तेज न सह सका: शास्त्रीजी'. त्याच पानावर खाली चौकट: 'नकली माल किसने बेचा?' आणि चौकटीत माझ्या नवऱ्याचं नाव, दुकानाच्या पत्त्यासकट.

बाबांनी कात्री मागवली. आपली बातमी फोटोसह नीट कापून घेतली आणि खालची चौकट रद्दीत टाकली. ती त्यांनी वाचली होती. मी तिथेच चहा घेऊन उभी होते. मला राग आला. अजूनही येतो.

"बाबा, यांचं नाव आलंय खाली," मी म्हटलं.

"पेपरवाले काहीबाही लिहितात. मनावर घ्यायचं नसतं," ते म्हणाले आणि स्वतःची बातमी देव्हाऱ्यापाशी ठेवून आले.

दुकान ओस पडलं. गेम तर सोडाच, लोक दुरुस्तीला दिलेले रेडिओसुद्धा तसेच परत न्यायला लागले. ज्या बायांनी साखर घातली होती, त्याच नरहरांना बघून पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायला लागल्या. मग ट्रस्टचे मॅनेजर आले. फार सभ्य माणूस, फक्त बसला नाही. "भाईसाहब, धर्मस्थान की बदनामी हो रही है. कार्तिक पूर्णिमा तक मामला साफ कर लीजिए, नहीं तो कमरा खाली कर दीजिए."

त्या रात्री नरहर जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "सगळ्यांना बोलावतो. पेपरवाले, मॅनेजर, गिऱ्हाइकं. सगळ्यांसमोर यंत्र चालवून दाखवतो. कोणाला दोष द्यायचा नाही, काही नाही. चाललं की लोकांचं तोंड आपोआप बंद होईल."

मला तेवढा धीर नव्हता. मी नीलकंठला स्वयंपाकघरात बोलावलं आणि ती बशी त्याच्यापुढे ठेवली. सुकलेलं कुंकू, तांदूळ, मेलेल्या मुंग्या. "हे बघ आणि हे छाप," मी म्हटलं.

त्यानं बशीत बोट फिरवलं. "ताई, चावल-शक्कर की खबर कौन पढ़ेगा? आणि पूजेनं मशीन बिगडलं असं लिहिलं, तर संपादकाच्या खिडक्या राहतील का? तुम भी ना!" मग बशीशेजारच्या ताटलीतला चिवडा त्यानं खाल्ला, वर आणखी मागून घेतला.

रविवारी सकाळी दुकानापुढे ही गर्दी. नरहरांनी सगळी यंत्रं लखलखीत करून टेबलावर मांडली होती. ती बशीही एका कोपऱ्यात होती, कशाला ते मला तेव्हा कळलं नाही. हिमानी बटणं घेऊन बसली. नरहरांनी खटका दाबला. पडद्यावर रंग आले, टुणटुण वाजायला लागलं आणि तो बुटका माणूस धावत सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेब पुढे वाकून बघत होते, त्यांनी दोनदा मान हलवली. नरहरांनी माझ्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले होते.

एवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा आले. हातात पंचपात्री आणि पळी. नीलकंठनंच बोलावलं होतं, फोटो चांगला यावा म्हणून. "शास्त्रीजी, आशीर्वाद दीजिए! बस एक फोटो!" हिमानीनं दुसरा खेळ लावायला म्हणून कॅसेट नुकती उपसली होती. खाच उघडी होती, यंत्र चालू होतं आणि बुटका माणूस पडद्यावर तसाच थिजला होता. बाबांनी उपरणं सारखं केलं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि पळी भरली.

"बाबा, पाणी नको," नरहर म्हणाले.

आमच्या घरात बाबांना 'नको' म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. नरहरांनी ती बशी उचलून त्यांच्यापुढे धरली आणि हळू आवाजात, मराठीत सांगितलं, "हे सगळं आतून निघालंय. तांदूळ, कुंकू, साखर. पूजेतलंच आहे. पाण्यानं पुन्हा बंद पडेल. खोली जाईल आपली, बाबा."

"क्या बोले? क्या बोले?" एक पेपरवाला विचारत होता.

बाबांनी बशीत पाहिलं. चांगलं वाकून पाहिलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, त्यांना कळलं ते मला दिसलं. त्यांनी बशीतून नजर उचलून मुलाकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे, मग कॅमेऱ्याकडे. कॅमेरा तयार होता.

"दोन थेंबांनी काय होतंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी पळी रिकामी केली.

चर्र झालं. बुटका माणूस नाहीसा झाला. पडदा करडा.

'सबके सामने फिर दम तोड़ा नकली यंत्र ने', असा मथळा आला. पहिल्या पानावर मोठा फोटो: मध्यभागी बाबा, हातात पळी, चेहऱ्यावर समाधान. नरहरांचं फक्त कोपर आलं होतं. कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगेवर आकाशदीप बघायला लोक वरून खाली उतरत होते, तेव्हा आम्ही दुकानातलं सामान वरच्या बाजूला चढवत होतो. पाटी नरहरांनी स्वतःच उतरवली.

बाबांनी तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला. फोटोग्राफर भलता कसबी निघाला. पळीतून सुटलेला थेंब हवेतच पकडला गेलाय आणि त्याच्या बरोबर खाली ती उघडी खाच आहे. येणारा-जाणारा फोटोपुढे थांबतो, खालच्या ओळी मोठ्यानं वाचतो, "अरे वा, शास्त्रीबुवा!" म्हणतो. थेंबाकडे कोणी बघत नाही. मी एकदा नरहरांना विचारलं, "तुम्ही अजूनही गप्पच राहणार का?" ते लहुराबीरला दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला जायला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "छापून आलंय की सगळं. बघायचं त्यानं बघावं."

वर्ष फिरलं, पुन्हा खंडेनवमी आली. नरहरांनी आपले स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा आणि सोल्डरिंग आयर्न पुसून पाटावर मांडलं. बाबा पूजेला बसले. पंचपात्रीत पळी बुडवली, भरली, पाटापर्यंत आणली. आणि तिथे त्यांचा हात थांबला. पळीतलं पाणी त्यांनी बाजूच्या ताम्हनात सोडलं आणि हत्यारांवर नुसतं एक कोरडं फूल ठेवलं.

"विजेची हत्यारं आहेत," ते कोणाकडेही न बघता पुटपुटले. "त्यांना पाणी लागू नये."

नरहर खाली मान घालून बसले होते. माझ्यानं राहवलं नाही. मी पुढे झाले, पळी पुन्हा काठोकाठ भरली आणि सासऱ्यांच्या हातात दिली.

"घाला, बाबा," मी म्हटलं. "आता काय बिघडायचं राहिलंय?"

ती पळी त्यांनी ना पुढे नेली, ना खाली ठेवली. पाणी त्यांच्या स्वतःच्याच सोवळ्यावर सांडत राहिलं.