दाराला ताप आला होता

मोटरीच्या डाव्या दाराचा पत्रा आणि त्याच्या आतली फळी यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी असते. तिथून मी बोलते आहे. मी घोंगडी. अखंड होते तेव्हा सात हात भरत होते. मोटरीत बसवताना माझे अकरा तुकडे झाले. काही दारांत, काही पायांखालच्या फळ्यांच्या पोटाशी, एक इंजिनाच्या झाकणाला. सांगण्यासारखं जे आहे ते मात्र या एकाच तुकड्यात आहे.

जन्म साधा. नळगंगेच्या काठी उतरलेल्या धनगरांनी काळ्या मेंढ्या कातरल्या, त्यांच्या बायकांनी सूत काढलं, आणि मागावरून उतरल्यावर मला चिंचोक्याची खळ पाजून उन्हात ताठ केलं. मोताळ्याच्या बाजारात मी विकले गेले.

लोकरीविषयी वऱ्हाडात दोन समजुती आढळतात. पहिली, लोकर विटाळ धरत नाही; म्हणून ती सोवळ्याला चालते आणि सुतकातही धुवावी लागत नाही. दुसरी, काळ्या घोंगडीवर निजलेल्याला बाहेरचं काही शिवत नाही. पहिली खरी असावी. दुसरीची हमी मी देणार नाही. तिसरा गुण कुणी सांगत नाही, तो असा की लोकर आवाज धरते. माझ्यावर पडलेला आवाज परत फिरत नाही. तो धाग्याधाग्यात शिरतो, अडखळतो, आणि शेवटी त्याची ऊब होते.

मला विकत घेणारे पंजाबराव मोताळ्याचे मोठे खातेदार. वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडून तीस वर्षं होत आली होती, तेव्हा त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनातल्या साहेबाकडून जुनी मोटर घेतली. उन्हाने तिच्या सांगाड्याचं लाकूड आकसलं होतं, स्क्रू ढिले झाले होते, पत्रे सुटे पडले होते. ती अर्ध्या कोसावर असतानाच बाजार हसू लागे. "सरका बे, भांड्यायची गाडी आली!" पंजाबरावांना त्याचं वाईट वाटत नसे. वाजतगाजत येणं त्यांच्या स्वभावाला मानवत होतं.

त्यांची मुलगी पुष्पा, घरातली पुशी, सात वर्षांची. ती माझ्यावरच निजत असे. चैत्रात तिला ताप भरला. तापात पाणी विषासारखं, असं सांगून वैद्यांनी तिचं पाणी तोडलं. चौथ्या दिवशी दुपारी, पंजाबराव कोर्टाच्या कामाला अकोल्यास गेलेले असताना, तिच्या आईने तिला माझ्यात गुंडाळलं आणि बुलढाण्याच्या इस्पितळाकडे मोटर काढायला लावली. पुढे इंद्रभान ड्रायव्हर. मागे डाव्या दाराशी आई सोजराबाई, तिच्या मांडीवर पुशी.

राजूरच्या घाटात चढण लागली आणि मोटरीचं अंग न् अंग वाजू लागलं. दुसऱ्या वळणाशी पुशीने डोळे उघडले. ओठ हलले. ती काहीतरी बोलली, मग तेच पुन्हा बोलली.

"काय म्हनतं, माय?" सोजराबाई तिच्या तोंडाशी वाकली. खडखडाटाखेरीज तिला काही ऐकू आलं नाही. "इंद्रभान, थांबव! थांबव रे!"

मोटर थांबली नाही. घाट सरेपर्यंत पुशीचा श्वास चालू होता. सपाटी लागली तेव्हा तो नव्हता.

ती काय बोलली ते मी ऐकलं. तिचं तोंड माझ्या काठाला लागलेलं होतं. तिने पाणी मागितलं नव्हतं. एवढं इथेच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या एका शंकेतून उभं राहिलं.

शंका काढली पंजाबरावांच्या थोरल्या बहिणीने, कौशल्याबाईंनी, तिसऱ्या दिवशी.

"पोट्टीनं पानीच मांगलं असन, सोजरा. तोंड कसं सुकलं होतं तिचं."

"आक्का, वैद्यच नाई म्हनले होते."

"वैद्य गेला आपल्या घरी. जीव तहानेला गेला का त्याले वाट नाई भेटत. मी एकटी नाई म्हनून राह्यली, समदे म्हनते."

समदे म्हणतात हे खरं. कुणी अशा जिवासाठी झाडाला मडकं बांधतात, कुणी उंबऱ्याशी वाटी ठेवतात. कौशल्याबाईंनी वाटी ठेवली. वैशाखात वाटीतलं पाणी कुठल्याही घरात कमी होतं, हे सोजराबाईला कळत होतं. तरी रोज सकाळी ती वाटीत डोकावे आणि हात पदरात घट्ट धरून आत येई.

मेलेल्याचं अंथरूण शिवेबाहेर देऊन टाकायची रीत. सोजराबाईने मला दिलं नाही. "लोकर इटाळ धरत नाई," एवढंच म्हणाली. पंजाबरावांना मोटर डोळ्यांसमोर नको होती.

"इकून टाकतो तिले."

"इकू नका. तिचा आवाज बंद करून द्या मले."

"आता काय कामाचं ते? ज्या दिवशी पाह्यजे होतं त्या दिवशी..." 

"पुशीचं बोलनं त्या खडखडीच्या खालीच हाय. वरचं काढलं का खालचं आयकू येईन."

धान्य पाखडणाऱ्या हातांचा हा तर्क आहे. वरचं फोल उडालं की सुपात दाणा राहतो. दुसऱ्या दिवशी पंजाबराव तिला घेऊन नांदुऱ्याला निघाले.

नांदुऱ्यात स्टेशनाजवळ किसनराव जीनगर बसत. पूर्वी घोड्यांची खोगिरं शिवीत. घोडे कमी झाले तसे मोटरींच्या गाद्या आणि टप शिवू लागले. त्यांनी मोटरीला कान लावला आणि बोटांच्या पेरांनी पत्रान् पत्रा ठोकत गेले. जिथे पत्रा वाजेल तिथे खडूची खूण. सांध्यांत चामड्याच्या पट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले.

"पत्रा म्हंजे ढोल असते जी. त्याच्या पाठीले जड काही चिकटवलं का मुका होते. आता सात-आठ हात नमदा लागन, जाड लोकरीचा."

सोजराबाईने मला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि तो मध्येच थबकला.

"बाई, ह्या घोंगडीवर कोनी गेलं काय?"

"माही लेक."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "मंग मी हे नाई कापत. घोडा मेला तं त्याच्या खोगिराखालचा नमदाबी आमी दुसऱ्याले लावत नाई."

"कापा, किसनभाऊ. तिच्या तोंडापाशी हेच होती."

इंद्रभान बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "असू द्या ना थोडी खडखड, बाई. रस्त्यावरची ढोरं सरकते तिनं."

"काऊन बे," किसनराव म्हणाले, "तुले चुपचाप गाडी नाई पाह्यजे? साऱ्या नांदुऱ्यात असा डायवर नाई पाह्यला मी!"

त्यांनी मला कापलं, कढत्या डांबरात बुडवलेल्या कुंचल्याने पत्र्यांना चिकटवलं आणि वरून फळ्या बसवल्या. त्या दिवसापासून मी अंधारात आहे.

परतीच्या वाटेवर बाजारात कुणी सरकलं नाही, कुणी हसलं नाही. अगदी अंगाशी आल्यावर माणसं दचकून बाजूला होत आणि मोटर गेली तरी तिच्याकडे बघत राहत. लोखंडाच्या आवाजाला बाहेरचं भितं, म्हणून बाळंतिणीच्या उशाशी विळा असतो आणि ग्रहणात थाळी वाजते. आवाज नसलेलं लोखंड कुठल्या बाजूचं, हे त्या लोकांना ठरवता येत नव्हतं.

सोजराबाई दर मंगळवारी बुलढाण्याला जाऊ लागली. डाव्या दाराशी बसायची. आता सारं ऐकू येत होतं: गादीची स्प्रिंग, तिच्या बांगड्या, इंद्रभानचा आवंढा. दुसऱ्या वळणाशी ती श्वास धरून बसे. पुशीचा शब्द काही येत नसे. पावसाळा गेला, कापूस घरात आला, वाटीतलं पाणी कमी होतच राहिलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी घाटावर धुकं होतं. थंडीने काच गोठल्यासारखी झाली होती. सोजराबाईचा हात दाराला लागला आणि तिथेच राहिला.

"इंद्रभान, मोटर थांबव. अठी हात लाव."

इंद्रभान उतरून मागे आला. त्याने फळीवर तळवा ठेवला आणि निखाऱ्यावरून काढावा तसा काढला.

"बाई... दाराले ताप हाय."

मी नाकारत नाही. गिळलेल्या आवाजाची माझ्यात ऊब होते हे सांगितलंच. पण सात वर्षांच्या मुलीच्या दोन वाक्यांची ऊब आठ महिने टिकू नये, आणि ती वाढू तर मुळीच नये. ते गरम होणं पुशीच्या कपाळाचं होतं. चार दिवस ते कपाळ मी सांभाळलं होतं. मला ओळखायला वेळ लागला नाही.

सोजराबाईने तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन फळीला लावलं. एकदा, दोनदा, पुन्हा. "पी माय. आता कोनी नाई म्हनत नाई." पाणी फळीवरून ओघळून खाली गेलं. ताप उतरला नाही.

"पानी नाई पाह्यजे तिले," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

इंद्रभानने हँडल मारून मोटर सुरू केली. दुसरं वळण आलं, आणि दार उघडलं. कुरकुरलं नाही, आदळलं नाही. कुणी आतून हलक्या हाताने लोटावं तसं बाहेर गेलं. मी जाड असल्यामुळे कडी नीट बसत नव्हती, असं पंजाबरावांनी नंतर सगळ्यांना समजावलं. ते बरोबर आहे. कडी इतके महिने तशीच बसत होती, हेही बरोबर आहे. कडेच्या गवतावर दव होतं. ते झटकत एक बारीक वाट दरीकडे उमटत गेली. ससा गेला तरी तेवढी उमटते.

त्या क्षणी माझ्यातली ऊब गेली. तिच्यासोबत ते शब्दही सोजराबाईच्या कानाशी होऊन बाहेर गेले, म्हणून आता ते सांगता येतात. पुशी म्हणाली होती, "आई, मले अठी उतरू दे. मी उतरतो."

सोजराबाईने फळीला हात लावला. फळी थंडगार होती.

"उतरतो म्हनत होती," ती म्हणाली. "पानी नव्हती मांगत."

इंद्रभानने इंजिन बंद केलं. आता लपायला कुठलाच आवाज उरला नव्हता.

"बाई, त्या दिवशी मले आयकू आलं होतं."

"काय?"

"तुमी थांबव म्हनले ते. दोनदा. चढावर थांबलो तं हे मोटर पुन्हा लवकर उचलत नाई, पोट्टी हातची जाईन, म्हनून आयकू न आल्यासारखं केलं. मंग साऱ्यायले तेच सांगतलं."

सोजराबाई उघड्या दारातून बाहेर वाकली. धुकं तिच्या केसांवर बसत होतं.

"थांबला असता तं अठीच उतरली असती ते," ती म्हणाली. "तू नाई थांबला, म्हनून घाट सरेपर्यंत माह्या मांडीवर राह्यली." तिने दार ओढून घेतलं. "चाल आता. सावकाश घे."

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. मोटरीचं इंजिन दुसरबीडच्या एका गृहस्थाने पिठाच्या गिरणीसाठी घेतलं, आणि बिनइंजिनाचा सांगाडा रस्त्याकडेला बाभळीखाली पडून आहे. डांबर तडकलंय, कसर लागली आहे, माझे नऊ तुकडे गळून गेले आहेत. प्रवासी मोटरीची वाट पाहणाऱ्या बाया या गादीवर टेकतात, दाराला पाठ लावतात आणि एकमेकींना न सांगण्यासारखं बरंच काही हळू आवाजात बोलतात. ते सगळं माझ्यात येतं.

त्यांना माझी एकच विनंती आहे. बायांनो, कधी थंडीच्या दिवशी ही फळी पाठीला गरम लागली, तर दचकून उठू नका, आणि पाणी आणायला धावू नका. कडी काढा, दार उघडून द्या, आणि थोडा वेळ कुणी काही बोलू नका.