तारीख विचारून काढलेली गाडी

"चला, जल्दी करा! लई मिनतवारीनं नंबर लागलाय आजचा." साहेबरावांनी अंगणातून हाक मारली आणि जीपचा हॉर्न वाजवला. आत रूपालीचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

तिची मावशी छातीच्या कॅन्सरनं गेली होती. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, चाळिशी उलटली, आता वेळच्या वेळी मॅमोग्राफी करून घ्यायची. नवरा धम्मपाल पुण्याच्या कारखान्यात, त्याला रजा मिळेना. तेव्हा थोरल्या दिरांनी, साहेबरावांनी, स्वतः होऊन फोन लावला, जालन्याच्या दवाखान्यात नंबर घेतला आणि भाड्यावर चालणारी आपली जीप एक दिवस घरी ठेवली. इतकं कोण करतं? आणि नेमकी पाळी तोंडावर आलेली. ब्लाउजचा काठ लागला तरी जीव कळवळत होता. आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ, एवढंच सांगायचं होतं. पण थोरल्या दिरांना सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

गंमत बघा. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजारात रूपालीचं शिवणकामाचं दुकान. गळ्यात दिवसभर टेप. "छाती छत्तीस, कंबर बत्तीस" असं खणखणीत आवाजात सांगणारी ही बाई स्वतःच्या छातीची गोष्ट निघाली की मुकी! घरात बुद्धवंदना होते. बाईनं चार दिवस बाजूला बसायचं हे आजेसासूच्या काळातच मोडीत निघालं. पाळी हा शब्द मात्र अजून बाजूलाच बसलेला.

जीपमध्ये ती सासूबाई आणि दार यांच्या मध्ये अंग चोरून बसली. सासूबाई म्हणजे मालनबाई. रूपाली त्यांना आत्या म्हणायची. प्रत्येक खड्ड्याला ती पदराआडून छातीशी हात धरायची आणि साहेबराव आरशात न बघता विचारायचे, "बराबर बसली ना?"

"हो दादा." दुसरं काय म्हणणार बिचारी!

तपासणीच्या खोलीचं दार लागलं. आत कहकशा नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. तिनं रूपालीला गाऊन दिला आणि यंत्रापुढं उभं केलं. "ताई, वरची पट्टी खाली येईल, दाब बसेल. लई दुखलं तर सांगा, मी थांबवते. आता श्वास रोखा, बिलकुल हलू नका."

पट्टी खाली आली. आणखी आली. रूपालीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मागं सरकता येईना, बाजूला होता येईना, आणि श्वास रोखलेला म्हणजे ओरडायचीही सोय नाही! सांगा म्हणाली होती ना ती? पण बाईनं सोसायचं असतं, बोलायचं नसतं, हाच धडा गिरवत ती वाढलेली. ओठ दाताखाली धरून ती उभी राहिली आणि शेवटी तिचं सगळं अंग थरथरलं.

"हललात ताई. फोटो बराबर न्हाई आला. परत घ्यावा लागेल. दुसरी बाजूबी बाकी आहे."

परत! रूपाली मागं वळली, कपडे बदलले आणि बाहेर आली.

"झालं?" साहेबरावांनी विचारलं.

"झालं सगळं. चला घरी."

खोटं बोलून सुटले, असं तिला वाटलं. तोच मागून कहकशा धावत आली. "ताई, कुठं चाललात? अजून एक फोटो धड झाला न्हाई!" मग रूपालीचा चेहरा बघून तिनं आवाज खाली आणला. "पाळी जवळ आलीय का?"

आवाज खाली आणला खरा, पण ऐकू सगळ्यांना गेलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रूपालीला झालं. तिनं कशीबशी मान हलवली.

"मंग आज कशाला आल्या? या दिवसांत जास्तच दुखतं. लई दुखलं तर सांगा म्हणलं होतं ना मी! नंबर देताना फोनवर सांगतो आम्ही, पाळी होऊन गेल्यावर या म्हणून."

"मला न्हाई कुणी सांगितलं."

मालनबाईंनी लेकाकडं पाहिलं. साहेबराव आपल्या चपलांकडं बघत होते.

"सायेबराव, तुला सांगितलं होतं?"

"होतं. पण आई, धाकल्या भावाच्या बायकूला हे मी कसं इचारू? म्हटलं, तेवढ्यानं काय होतंय."

"तेवढ्यानं?" मालनबाईंचा आवाज चढला. "तुला इचारायची लाज, हिला सांगायची लाज! आन् मधी चिरडलं कोण? ही पोरगी! अरे, असल्याच छातीला लागून वाढला ना तू? तवा न्हाई लाज वाटली! हिच्या मावशीच्या हाताला छातीत गाठ लागल्ती. वरीसभर पदराखाली झाकून ठिवली तिनं. का? तर कसं सांगावं! ही आज घरी गेली असती, तर पुन्यांदा इकडं फिरकली असती का?"

मग मालनबाई सुनेकडं वळल्या. "आन् तू गं? ते लेकरू सांगा म्हणत होतं, मंग का न्हाई सांगितलं? सोसल्याचं बक्षीस देतं का कुणी?"

रूपालीला हुंदका फुटला. सकाळपासून छातीत कोंडलेलं सगळं डोळ्यांतून वाहिलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच दिरांकडं सरळ बघितलं. "दादा, पाळी झाली की मी सांगते. तवाच गाडी काढा."

"काढतो," साहेबराव म्हणाले. "चुकलं माझं."

पाळी झाल्यावर ती पुन्हा गेली. डॉक्टरांना विचारून दुखण्याची गोळी घेतली होती. दुखलं का? दुखलं तर! पण मध्येच ती "थांबा" म्हणाली आणि यंत्र थांबलं. दम घेतला, पुन्हा उभी राहिली, आणि काही क्षणांत काम झालं. रिपोर्ट चांगला आला. नसता आला तरी वेळेवर कळला असता, हेही थोडं नाही.

वाचकहो, त्या यंत्राचं दुखणं घटकाभराचं असतं. आपण तोंड मिटून ते आयुष्यभराचं करतो आणि त्याच्या धाकानं किती जणी तपासणीपासून पळतात! म्हणून बायांनो, सांगा. आणि पुरुषांनो, घरातल्या बाईला विचारा. विचारल्यानं कुणाची अब्रू जात नाही. न विचारल्यानं जीव जातो.

पुढच्या महिन्यात साहेबरावांच्या बायकोची, मीनाची वेळ आली तपासणीची. साहेबराव कानाला फोन लावून अंगणात उभे होते. गल्लीत चार माणसं होती. फोन जरासा बाजूला धरून त्यांनी घसा खाकरला आणि घरात हाक मारली, "मीना, तुझी पाळी कधीची? त्या हिशेबानं नंबर लावून राह्यलो!"

गल्लीतल्या चारही माना वळल्या. आणि आतून मीनानं तितक्याच मोठ्यानं तारीख सांगितली.